सुईने न जाणारं दुखणं

कारंजा–मालेगाव रस्ता आणि अकोला–मंगरुळपीर रस्ता शेलूबाजारला एकमेकांना छेदतात. चौफुलीचं गाव असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांचं सगळं इथे येऊन मिळतं. बियाणं, खत, सोयाबीनचा भाव, लग्नाचा बस्ता आणि दुखणीसुद्धा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि नागपूर पूर्वीपेक्षा बरंच जवळ आलं. तरीही अंग दुखतं म्हणून कुणी बाई नागपूरला जात नाही. बाजार आटोपला की ती एक सुई घेते, औषधाच्या दुकानातून दोन-चार गोळ्या सुट्या घेते आणि गाडी धरते. सुईने दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी अंग पुन्हा ठणकू लागतं.

अंग दुखणाऱ्या प्रत्येकीचा आजार एकच नसतो. कुणाचे गुडघे झिजलेले असतात, कुणाच्या मणक्याची चकती सरकलेली असते, कुणाला खराखुरा आमवात असतो. त्यांच्या दुखण्याला निदान एक नाव मिळतं, क्ष-किरणाच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवता येतं. मला बोलायचं आहे ते उरलेल्यांबद्दल. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पिंडऱ्या असं सगळंच महिनोन्महिने दुखतं. सकाळी उठताना अंग आखडलेलं असतं. रात्रभर झोपूनही न झोपल्यासारखं वाटतं. कुणी दंडाला धरलं तरी कळ जाते, बांगड्या भरताना डोळ्यांत पाणी येतं. विसराळूपणा वाढतो, हातातलं काम सुचेनासं होतं. रक्त तपासलं, फोटो काढला, तर सगळं ठीक. ‘रिपोर्टात काही नाई निंगालं, पन आंग त दुखूनच रायलं,’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येईल. या आजाराला फायब्रोमायल्जिया म्हणतात. जगभरच्या पाहण्यांमध्ये तो दर शंभर माणसांत साधारण दोन ते तीन जणांना आढळतो आणि त्यात बायकांची संख्या जास्त असते.

मला स्पष्ट वाटतं ते असं की, या आजारावरचा उत्तमातला उत्तम उपचार शेलूबाजारच्या पातळीवर करता येण्याजोगा आहे. त्याला यंत्र लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, महागडं औषध लागत नाही. आणि नेमका तोच उपचार तिथे मिळत नाही. मिळते ती सुई, सलाइन आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे शब्द. असं का होतं हे समजायचं तर वैद्यकशास्त्र स्वतःच शंभर वर्षं हे दुखणं कुठे शोधत राहिलं, ते आधी पाहायला हवं.

ते शोधत राहिलं स्नायूंत आणि स्नायूंना गुंडाळणाऱ्या, जोडणाऱ्या संयोजी ऊतींत. १९०४ मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरच्या व्याख्यानात या तंतुमय ऊतींना सूज येत असावी असं मांडलं आणि त्या सुजेला फायब्रोसायटिस हे नाव दिलं. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी दुखऱ्या गाठींचे तुकडे काढून त्यात दाहाच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. पुढच्या अनेकांनी तसेच तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, पण त्यांना दाह काही सापडला नाही. तरी ती कल्पना सत्तर वर्षं टिकली, कारण ती बोटाला पटणारी होती. रुग्ण सांगतो इथे दुखतं, डॉक्टर तिथे दाबतो, रुग्ण कळवळतो. मग दोष तिथेच असणार, यात शंका कशाची घ्यायची? १९९० साली अमेरिकेतल्या संधिवात-तज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरवले तेव्हाही अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा सुमारे चार किलोच्या दाबाने दाबून बघायच्या आणि त्यांपैकी ११ दुखल्या तर आजार मानायचा, असंच ठरलं. बोट अजून स्नायूवरच होतं.

मात्र १९७५ मध्येच टोरोंटोच्या हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच धागा हाती दिला होता. त्यांनी धडधाकट तरुणांना रात्री गाढ झोप लागू लागली की आवाज करून ती मोडायची, पण पूर्ण जागं होऊ द्यायचं नाही, असं काही रात्री केलं. त्या तरुणांचे स्नायू दुखू लागले, दाबल्यावर कळ येऊ लागली, अंगात थकवा भरला. स्नायूंना कुणी हात लावला नव्हता. मोडली होती ती फक्त झोप. पुढे रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात वेदनेचा निरोप वाहणाऱ्या ‘सबस्टन्स पी’ या रसायनाचं प्रमाण निरोगी माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळलं. २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूची चित्रं घेतली. निरोगी माणसाला नुसता दाब वाटेल एवढ्या जोराने रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं पेटत होती. निरोगी माणसात तेच चित्र दिसायला दाब बराच वाढवावा लागला. म्हणजे बाई वाढवून सांगत नव्हती. तिच्या मेंदूपर्यंत पोचणारी वेदना खरोखरच मोठी होती.

शेताच्या राखणीचं कुत्रं एकदा बिथरलं की पाखरू उडालं तरी चोर आल्यासारखं भुंकत राहतं. भुंकणं खरं असतं आणि घरच्यांची झोपही खरोखरच मोडते, पण कुंपणापाशी कंदील घेऊन कितीही शोधलं तरी तिथे चोर नसतो. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं असं होतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये अशा दुखण्याचा तिसरा वर्ग मान्य केला. इजेमुळे होणारं दुखणं, नस खराब झाल्यामुळे होणारं दुखणं आणि वेदना हाताळण्याची यंत्रणाच बिघडल्यामुळे होणारं दुखणं, असे ते तीन वर्ग.

याचा अर्थ अंगात, स्नायूत, त्वचेत काहीच नाही असा कुणी काढू नये. २०१३ मध्ये बॉस्टनच्या अ‍ॅन लुईस ओकलँडर यांनी रुग्णांच्या पायाच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले तेव्हा सुमारे ४१ टक्के रुग्णांत तिथले अतिसूक्ष्म मज्जातंतू विरळ झालेले दिसले. २०२१ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तर उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते फ्लोरिडा विद्यापीठातल्या रोलंड स्टॉड यांचं काम. त्यांनी रुग्णांच्या खांद्याच्या स्नायूत बधिर करणारं औषध टोचलं, तर खांद्यापासून दूरच्या जागेचं हळवेपणही कमी झालं. तेव्हा स्नायूकडून वर जाणारे बारीकसारीक निरोप या बिथरलेल्या यंत्रणेला सतत चेतवत असतात, हे खरं आहे. स्नायू आणि संयोजी ऊती यांच्यावरचा उपचार त्यामुळे वायफळ ठरत नाही. फक्त तो मूळ उपचार नव्हे, जोडीचा उपचार आहे. आपल्याकडचं सगळं गणित चुकतं ते इथे, कारण आपण जोडीच्या उपचारालाच मुख्य मानलं, आणि तोही धोक्याच्या मार्गाने करू लागलो.

सुईबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. खेड्यातल्या अंगदुखीच्या सुईत बहुतेकदा डायक्लोफेनॅक असतं आणि कधी कधी सोबत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड. डायक्लोफेनॅक सूज उतरवतं. फायब्रोमायल्जियात उतरवण्याजोगी सूजच नसते, आणि युरोपातल्या संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सगळा पुरावा चाळून या औषधांचा या आजारात उपयोग दिसत नाही असं सांगितलं आहे. स्टिरॉइड आणि मॉर्फिनच्या जातीची तीव्र औषधं तर देऊच नयेत असं त्यांचं म्हणणं. मग दोन दिवस बरं का वाटतं? स्टिरॉइडने अंगात तात्पुरती तरतरी येते. या आजाराचं दुखणं मुळातच चढतं-उतरतं असतं आणि माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं शिगेला पोचलेल्या दिवशी, म्हणजे त्यानंतर ते काहीसं उतरणारच असतं. आणि एक गोष्ट आपण लक्षात घेत नाही. त्या दिवशी ती बाई घडीभर बसलेली असते, कुणीतरी तिच्याकडे पाहिलेलं असतं, तिला हात लावलेला असतो. सलाइन लावलं तर तासभर आडवं व्हायला मिळतं. घरात भर दिवसा आडवं होण्याची सोय तिला दुसरी कोणतीच नसते.

ही दोन दिवसांची उसंत महागात पडते. वर्षानुवर्षं दर आठवड्याला वेदनाशामक घेतल्याने मूत्रपिंडं आणि जठर खराब होतात. आधीच रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर लवकर होतात. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि सवय झाल्यावर अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. त्याहून वाईट म्हणजे ‘जडीबुटी’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं असल्याचं देशातल्या प्रयोगशाळांनी वारंवार दाखवलेलं आहे. ज्या पुडीने वर्षांचं दुखणं एका दिवसात थांबतं, त्या पुडीवर संशय घ्यायला हवा. ही गोष्ट गावागावांत भिंतीवर रंगवून लिहावी इतकी महत्त्वाची आहे.

मालिशीची गोष्ट वेगळी आहे. तेल लावून अंग रगडणं, शेकणं, गरम पाण्याने न्हाऊ घालणं हे आपल्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी चालत आलं आहे. संयोजी ऊतींची खास मालिश जर्मनीत एलिझाबेथ डिके यांनी १९२९ पासून विकसित केली. फायब्रोमायल्जियात तिचा उपयोग किती, हे स्वीडनच्या गुनिला ब्राटबर्ग यांनी १९९९ मध्ये मोजलं. ४८ जणांच्या त्या अभ्यासात दहा आठवड्यांत पंधरा वेळा मालिश केल्यावर दुखणं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं, वेदनाशामकं कमी लागली, मनाची उदासीही घटली. मालिश थांबल्यावर मात्र तीन महिन्यांत त्या फायद्याचा सुमारे तीस टक्के हिस्सा गेला, आणि सहा महिन्यांनी दुखणं मूळच्या ९० टक्क्यांवर परत आलं. मला हा लहानसा अभ्यास फार प्रामाणिक वाटतो. मालिश खोटी नाही, पण तिचा गुण टिकत नाही, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. घरातल्या सुनेने सासूचे किंवा सासूने सुनेचे खांदे हलक्या हाताने चोळले, रात्री गरम पाण्याने शेक घेतला, तर तो पैशाविना होणारा चांगला उपाय आहे. रगडून ‘नस बसवणं’ मात्र या आजारात उलटतं, कारण जास्तीचा दाब म्हणजे जास्तीची वेदना आणि जास्तीची वेदना म्हणजे यंत्रणा आणखी हळवी. आणि दर वेळी शे-दोनशे रुपये मोजून मालिशीच्या फेऱ्या माराव्या लागत असतील, तर त्या पैशांची डाळ आणि अंडी आणावीत, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

दुखण्याला फायब्रोमायल्जिया हे नाव देण्याची मात्र घाई करायची नाही. अंगभर दुखण्याची दुसरी कारणं आपल्या भागात भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी बरी होणारी आहेत. थायरॉइड मंदावला की अंग असंच दुखतं. ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी झालं की हाडं दुखतात, बसलेलं उठवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. तो थकवा वेगळा, त्याचा उपायही वेगळा. यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यातल्या फ्लोराइडने सांधे आणि हाडं दुखतात. २००६ मध्ये राज्यभर चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा ताप उतरल्यावरही अनेकांचं अंग महिनोन्महिने दुखत राहिलं. नागपुरात २०२४ मध्ये पुन्हा मोठी साथ झाली. ताप कधी आला होता, हे विचारल्याशिवाय अंगदुखीचं निदान करू नये. रक्ताची मोजणी, सूज दाखवणारी ईएसआर तपासणी, थायरॉइड, साखर, एवढं बहुतेकींना पुरतं. आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ हाताच्या बोटांची पेरं सुजून आखडत असतील तर तो आमवात असू शकतो, अशा बाईला वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. अर्थात दोन आजार एकत्रही नांदतात. आमवात असलेल्या बाईलाही फायब्रोमायल्जिया होतो. निदानाच्या २०१६ च्या सुधारित निकषांनी हे स्पष्ट सांगितलं आहे.

त्याच निकषांनी निदान खेड्याच्या आवाक्यात आणलं. आता १८ जागा दाबण्याची गरज राहिली नाही. शरीराच्या चित्रावर १९ जागा दाखवायच्या, गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं ते विचारायचं, थकवा, झोप, विसर किती हे विचारायचं, दुखणं तीन महिन्यांहून जुनं आहे का आणि अंगाच्या पाचपैकी किमान चार भागांत आहे का हे पाहायचं. शिकवलं तर आशाताई ही विचारपूस ओट्यावर बसून करू शकेल. वेळ लागेल तो दहा-पंधरा मिनिटांचा.

महाराष्ट्रात विचारपूस करून काय हाती लागतं, याचे दोन दाखले आहेत. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने घरोघर पाहणी सुरू केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी दर शंभरात अठरा जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. आमवात निघाला तो शेकडा अर्धा. बाकीच्यांत मोठा वाटा असा होता की त्याला पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याच संधिवाताचं नाव चिकटत नव्हतं. दुसरा दाखला आपल्या विदर्भातलाच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. बायका गप्प होत्या कारण कुणी विचारलं नव्हतं. आमच्या भागात रक्तदाब विचारला जातो, साखर विचारली जाते, गरोदरपण विचारलं जातं. दुखणं कधी, कुठे, किती दिवसांचं, हे विचारणारा कागद कुणाच्या हातात नाही.

इथे एक जुनं उत्तर पुढे येतं: हे मनाचं आहे. वाशीम हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केलं होतं. कर्जाचा घोर, मुलीच्या लग्नाची काळजी, घरातला दारुडा, गेलेला माणूस, हे सगळं इथे आहे. आणि चिंता, उदासी, जुनं दुःख यांनी वेदनेची यंत्रणा हळवी होते, हेही खरं आहे. पण ‘मनाचं आहे’ असं म्हणणारा डॉक्टर बहुतेकदा ते उपचार करण्यासाठी म्हणत नाही, बाईला उठवण्यासाठी म्हणतो. उदासी असेल तर तिच्यावरही इलाज करा ना! शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘संगाथ’ या संस्थेने विश्राम नावाचा उपक्रम तीस गावांत चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी उदासीचा आजार ओळखला, समजावला, डॉक्टरांशी जोडला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार उदासीच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तीच माती, तीच भाषा, तीच गरिबी. जे उदासीसाठी जमलं ते दुखण्यासाठी जमणार नाही असं कोण म्हणेल?

आता मुख्य उपचाराकडे येतो, आणि तिथेच सगळ्यात मोठी हरकत उभी राहते. सगळा पुरावा चाळून युरोपातल्या त्या तज्ज्ञांनी एकाच उपायाला निःशंक शिफारस दिली: व्यायाम. शेलूबाजारच्या परिसरात दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला हे सांगून पाहा. ती काय म्हणेल? आयुष्यभर वाकून कंबर मोडली, आता आणखी व्यायाम कसला सांगता? तिचा राग रास्त आहे. ज्यांनी ही शिफारस लिहिली त्यांच्यासमोर दिवसभर खुर्चीवर बसणारे रुग्ण होते. म्हणून शिफारस जशीच्या तशी उचलून चालणार नाही, तिच्यातला गाभा घ्यायला हवा.

शेतातलं काम आणि व्यायाम यांत फरक आहे तो घामाचा नव्हे. फरक आहे वेग कुणाच्या हातात आहे याचा. निंदताना प्रत्येकीला पात लागलेली असते. पात मागे पडली की बोलणी बसतात, त्यामुळे कंबर कितीही ओढली तरी उठून उभं राहता येत नाही. सोयाबीनची सोंगणी गुत्त्याने असते, म्हणजे चार दिवसांत अंग मोडून काम आणि नंतर दोन दिवस अंथरूण. कापूस वेचणी किलोवर, तेव्हा थांबलं की मजुरी गेली. एकाच तऱ्हेने तासन्‌तास वाकणं, पाठीवर ओझं, त्यावर घरचं पाणी आणि चूल. यात शरीराला ताणलं जातं पण सावरायला वेळ मिळत नाही. व्यायामाने वेदनेची यंत्रणा शांत होते ती दुसऱ्या रीतीने: थोडं, रोज, दुखणं भडकण्याच्या आधी थांबून, आणि हळूहळू वाढवत. पहिल्या आठवड्यात सकाळी सरळ पाठीने पाच मिनिटं चालणं. पुढच्या आठवड्यात सहा मिनिटं. खांदे मागे घेणं, भिंतीला टेकून पाठ ताणणं, खाटेवर पडून गुडघे पोटाशी घेणं. दिवसभर जे वाकणं झालं त्याच्या उलट दिशेचं. बरं वाटलेल्या दिवशी साऱ्या घराचं काम उरकायचं नाही आणि वाईट दिवशी पूर्ण निजून राहायचं नाही, हा सगळ्यात अवघड भाग. हे तिला एकटीला जमणार नाही, कारण कामाचा वेग तिच्या एकटीच्या हातात नाही. मजुरीच्या गटाने ठरवलं की दर अर्ध्या तासाने सगळ्याजणी दोन मिनिटं उभ्या राहतील, तर ते जमतं. बचत गटांच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे. आणि घरातल्या पुरुषाला हे समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, कारण पाण्याचा एक हंडा त्याने उचलला तर तिला एक गोळी कमी लागेल.

झोपेचंही असंच आहे. मोल्डोफ्स्कींच्या प्रयोगातल्या तरुणांची झोप आवाजाने मोडली होती. इथली झोप मोडते रात्रीच्या लाइनीने. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शेतीची वीज रात्री येते, घरचा माणूस बारा वाजता उठून मळ्यात जातो, बाई त्याला चहा करून देते आणि तो परतेपर्यंत, सापा-विंचवाच्या भीतीने, अर्धवट जागी राहते. दिवसा वीज देण्याच्या योजना शेतीच्या खात्यात मोजल्या जातात. त्या आरोग्याच्या खात्यातही मोजाव्यात असं मला मनापासून वाटतं.

औषधांना जागा आहे, पण ती मर्यादित. अमिट्रिप्टिलिन हे जुनं, स्वस्त, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध. उदासीवर ते मोठ्या मात्रेत देतात. इथे डॉक्टरच्या सल्ल्याने रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. झोप गाढ होते, काहींचं दुखणं उतरतं. तोंड कोरडं पडतं, पोट जड होतं, सकाळी गुंगी राहते, आणि हृदयाचा आजार किंवा काचबिंदू असणाऱ्यांना ते जपून द्यावं लागतं किंवा टाळावं लागतं. प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन आणि मिल्नासिप्रान यांना अमेरिकेत २००७ ते २००९ या काळात या आजारासाठी मान्यता मिळाली. यांतलं कुठलंही औषध सगळ्यांना लागू पडत नाही. चार-पाच जणींत एखादीला मोठा आराम मिळतो, बाकीच्यांना थोडा किंवा मुळीच नाही. म्हणून एक-दोन महिने देऊन पाहावं, गुण नसेल तर हळूहळू थांबवावं, एकावर एक गोळी चढवत जाऊ नये.

कुणी म्हणेल, ज्या आजारावर पक्का इलाज नाही त्याचं नाव देऊन उपयोग काय? उगाच बाईला कायमची आजारी ठरवायचं! हा प्रश्न मी हलका मानत नाही. नाव चुकीच्या हातात पडलं तर तसं होऊही शकतं. पण नाव नसण्याची किंमत ती रोज मोजतेच आहे. दर वर्षी नवा डॉक्टर, नवा एमआरआय, त्यासाठी गहाण पडलेली पोत, आणि घरात कामचुकार म्हणून ऐकून घेतलेले शब्द. नाव मिळालं की निदान हे थांबतं. ‘मावशी, तुमचं दुखणं खरं आहे. हाडात, सांध्यात मोडतोड झालेली नाही, याने तुम्ही पांगळ्या होणार नाही. दुखणं जाणवण्याची जी यंत्रणा असते ती जास्त हळवी झाली आहे. ती एका सुईने नाही, सवयीने शांत होते, वेळ लागेल, आपण दर महिन्याला भेटू.’ एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. माझ्या मते या आजारावरचं हे पहिलं औषध आहे, आणि ते द्यायला बसलेला माणूस घाईत नसणं ही त्याची एकमेव अट आहे.

ती अट पुरी करण्याची संधी आत्ता आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथे शिकणारी मुलं पुढे इंटर्न म्हणून ग्रामीण आरोग्य केंद्रांत येतील. त्यांच्या वाट्याला आलेल्या आठवड्यांत दुखण्याचा एक दवाखाना ठेवावा. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, कारण त्याच दिवशी बायका गावाबाहेर पडू शकतात. चित्रावर १९ जागा, चार तपासण्या, नव्या रुग्णाला पंधरा मिनिटं, औषधाच्या कपाटात अमिट्रिप्टिलिन, आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे चालण्याच्या मिनिटांची नोंदवही. महाविद्यालयाने भिगवणसारखी घरोघर पाहणी मंगरुळपीर तालुक्यातल्या दहा गावांत करावी, म्हणजे वऱ्हाडातल्या किती बायका हे दुखणं घेऊन जगतात त्याचा आकडा आपल्याला इथूनच मिळेल. पहिली तुकडी इंटर्न व्हायला अजून काही वर्षं आहेत. तोवर तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं आणि आशाताईंचं एक दिवसाचं प्रशिक्षण जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला येत्या हंगामाआधी, निंदण सुरू होण्यापूर्वी, सहज घेता येईल.